बोर्डावर लिहिलंय

गिरणगावात एखादी बातमी खरी की उडवलेली, याचा निकाल दोन शब्दांत लागायचा : ‘बोर्डावर लिहिलंय.’ पेपरात छापून आलेल्या गोष्टीवर वाद घालता येई. पेपर शेवटी कोणाच्या तरी मालकीचा. पण चाळीच्या तोंडाशी, मंडळाच्या खोलीबाहेर ठोकलेल्या काळ्या फळ्यावर खडूने जे उमटलं, त्यावर कोणी वाद घालत नसे. वरच्या पट्टीवर ऑइलपेंटने मंडळाचं नाव आणि स्थापनेचं साल, एका कोपऱ्यात ‘सुविचार’ असं कायमचं रंगवलेलं, आणि खाली दाराएवढा मोकळा काळा चौकोन. परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी, करी रोड, नायगाव. गल्ली तिथे फळा. मांडवाचे वासे येऊन पडले की त्याच्यावर काळ्या रंगाचा नवा हात फिरे. वर्षाची डागडुजी तेवढीच.

आमचा फळा लिहिणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध सातवीतच सुटला होता. ते गिरणीत साचे चालवत. मास्तर ही पदवी अक्षरामुळे मिळालेली. पहिली पाळी करून आले की आंघोळ, चहा, आणि मग लेंगा-गंजीफ्रॉकावरच स्टुलावर उभे. खडूच्या पुडीत घोळवलेला दोरा दोन पोरांनी दोन टोकांना ताणून धरायचा, मास्तरांनी मधोमध चिमटीत पकडून टणकन सोडायचा, की फळ्यावर सरळ रेघ. लिहायचा खडू ते वाटीतल्या पाण्यात बुडवून घेत. ओलं असताना अक्षर दिसतच नाही. मास्तर नुसत्या हाताच्या सवयीने लिहीत जात आणि थोड्या वेळाने वाऱ्यावर सुकता सुकता पहिल्या ओळीपासून मजकूर पांढराशुभ्र वर येऊ लागे. तोवर खाली माणसं जमलेली असत, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच : ‘‘कोण गेलं?’’ ओल्या खडूचा आणखी एक गुण असा, की येणाऱ्याजाणाऱ्याचा खांदा घासला तरी अक्षर पुसत नाही. पावसापुढे मात्र इलाज नाही. जुलैतल्या सूचनांचं आयुष्य आमच्याकडे फार कमी.

रंगांचे नियम ठरलेले होते. निधन पांढऱ्यात. सण गुलाबी-पिवळ्यात. दहावी-बारावीच्या पोरांची अभिनंदनं हिरव्यात. रक्त हवं असेल तर लाल. वास्तविक काळ्यावर लाल खडू सगळ्यांत कमी दिसतो, रस्त्यापलीकडून तर वाचताच येत नाही. हे मास्तरांना कितीदा तरी सांगून झालं. ‘‘लाल दिसलं की माणूस जवळ येतो,’’ असं त्यांचं म्हणणं. दिसत नाही म्हणून जवळ येत असावा. पण येत असे, हे खरं.

एकाच चौकोनात सगळं मावलं पाहिजे. उद्या सकाळी पाणी नाही, आज रात्री भरून ठेवणे. रविवारी वह्यावाटप, मुलांनी गुणपत्रिका आणणे. डोळेतपासणी शिबिर, मोतीबिंदूवाल्यांनी जुने कागद सोबत आणावेत. सत्यनारायणाची महापूजा, तीर्थप्रसाद ७ ते १०. स्पर्धेतले किल्ले भाऊबीजेपर्यंत मोडू नयेत. आणि यांच्या शेजारीच, चौकट आखून, तिसऱ्या माळ्यावरच्या आजींची अंत्ययात्रा दुपारी ४ वाजता राहत्या घरून निघेल. पेपरवाल्यांना आरोग्याचं पान वेगळं, सणाची पुरवणी वेगळी, निधनवार्ता आत कुठेतरी, अशी चैन परवडते. फळ्याला नाही. नवं लिहायचं तर जुनं पुसावं लागतं, आणि काय पुसायचं हे ठरवणं हीच मास्तरांची खरी नोकरी होती. एका दहीहंडीच्या सकाळी पहिल्या माळ्यावरचे अण्णा गेले. मास्तरांनी सलामीच्या वेळा पुसल्या, तिथे अण्णांचं नाव लिहिलं, आणि तळाशी बारीक अक्षरात : ‘हंडी संध्याकाळी.’ गोविंदा पथकाला वेगळं काही सांगावं लागलं नाही. दुपारी त्याच पोरांनी खांदा दिला आणि दिवेलागणीला थर लावले.

गल्लीची बातमी आणि जगाची बातमी यांत फरक कुठला, असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन : गल्लीची बातमी वाचली की काहीतरी करावं लागतं. पाणी भरा, खांदा द्या, रक्त द्या, पोराची गुणपत्रिका शोधा. नुसतं वाचून ‘अरेरे’ म्हणायची सोय त्या फळ्यावर नव्हती. रात्री संस्कृत सुभाषित लिहून ठेवणाऱ्या एका उत्साही पदवीधराने मास्तरांची जागा काही दिवस घेतली होती. त्याच्या काळात लोक फळ्यासमोरून थेट पुढे जात.

या भिंतींवर आरोग्याविषयी पहिलं जाहीर लेखन मात्र चाळकऱ्यांचं नाही. ते सरकारचं. १८९६च्या सप्टेंबरात गोदीजवळच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत मुंबई सोडून जाणाऱ्यांची रीघ लागली. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोगांचा कायदा झाला. तपासणीची पथकं घराघरांत शिरू लागली, सामान बाहेर काढून जाळू लागली, आणि ज्या घरांवर त्यांचा ठपका बसे त्यांच्या भिंतीवर तीन इंग्रजी अक्षरं रंगवली जात : यू. एच. एच. म्हणजे माणसाने राहण्यास अयोग्य. आत राहणाऱ्या बहुतेकांना ती अक्षरं वाचताही येत नसणार. त्या लिखाणात त्यांच्यासाठी काही काम नव्हतं, फक्त निकाल होता.

त्याच वर्षी जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १८९९मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली; १९२५पासून तिला त्यांचं नाव आहे. आम्हा पोरांच्या लेखी ‘हाफकिन’ म्हणजे जिथे साप पाळतात ती जागा, एवढंच. प्लेगमुळेच १८९८मध्ये सुधार समिती, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाली. दाट वस्त्या पाडून तिने रस्ते रुंद केले आणि कामकरी लोकांसाठी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका ट्रस्ट चाळीत बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ राहिले. बीडीडी चाळी त्यानंतरच्या, १९२०च्या दशकातल्या. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला तो १८९३मध्ये, प्लेगच्या आधी तीन वर्षं. म्हणजे सार्वजनिक गणपती, साथ आणि साथीतून उभ्या राहिलेल्या चाळी, सगळं एकाच दशकाच्या आसपासचं. आमच्या फळ्यावर आरतीची वेळ आणि फवारणीची वेळ एकाखाली एक आली, तर ती काही मास्तरांची कल्पकता नव्हे.

शिवाय आमचा शेजारच तसला. के.ई.एम. १९२६चं, टाटा १९४१चं, लहान मुलांचं वाडिया; तिन्ही पायी जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे फळ्यावरची लाल ओळ पुष्कळदा परगावच्या माणसासाठी असे. सांगलीहून, जळगावहून, कुडाळहून आलेला कोणाचा तरी भाऊ हातात डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन विचारत विचारत मंडळाच्या खोलीशी पोचायचा. रक्ताच्या बदल्यात रक्त आणा, असं तेव्हा सर्रास सांगितलं जाई, आणि या शहरात त्याचं कोणी नसे. मास्तर कॅरम थांबवायला लावत. चिठ्ठीवरून गट, वॉर्ड नंबर आणि ‘लगेच’ एवढं लिहीत. पेशंटचं नाव लिहीत नसत. ‘‘नाव कळलं की लोक आपला-परका बघतात,’’ असं ते म्हणाले होते, आणि त्यातलं ‘लोक’ म्हणजे कोण, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगलं.

एकदा चिठ्ठीवर ‘बॉम्बे ग्रुप’ असं होतं. मास्तरांनी जसंच्या तसं उतरवलं. संध्याकाळपर्यंत चाळीतली निम्मी तरणी पोरं बाह्या सरसावून हजर : ‘‘आम्ही जन्माने मुंबईचेच आहोत!’’ इस्पितळातल्या बाईंनी हसू आवरत समजावलं. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत हा रक्तगट पहिल्यांदा नोंदवला, म्हणून त्याला शहराचं नाव. नेहमीच्या तपासणीत तो ‘ओ’सारखा दिसतो, पण या माणसाला ‘ओ’ रक्तही चालत नाही. त्याच गटाचं लागतं, आणि आपल्याकडे दहा हजारांत एखाद्याचाच तो असतो. पोरं परत आली ती थोडी खट्टू होऊन. पण आलोच आहोत तर, म्हणून त्यातल्या बऱ्याच जणांनी आपापलं रक्त देऊन टाकलं होतं.

मे महिना आणि दिवाळी या काळात रक्तपेढ्यांची तारांबळ उडते, ती लोक निष्ठुर होतात म्हणून नाही. कॉलेजं बंद, कारखाने-कचेऱ्या अर्ध्या ओस, शिबिरं घेणारे स्वतःच गावी. कोकणातला चाकरमानी एकदा एसटीत चढला की पंधरा दिवस त्याचं रक्त राजापूर-सावंतवाडीला. साठवून ठेवावं तर रक्त साधारण ३५ दिवस टिकतं आणि प्लेटलेट पाचच. पुरुषाने पुन्हा द्यायचं ते तीन महिन्यांनी, बाईने चार. या हिशेबावरून मंडळाच्या सभेत दरवर्षी जुंपायची : शिबिर एप्रिलात घ्यायचं की जूनमध्ये? एसटीच्या गट आरक्षणाच्या नोंदणीची तारीख फळ्यावर लागायच्या आत शिबिर उरकावं, हा मास्तरांचा आग्रह. मला तो आजही शहाणपणाचा वाटतो. सणाची बातमी आणि रक्ताची बातमी एकमेकींवर कशा परिणाम करतात, हे दोन्ही एकाच फळ्यावर लिहिणाऱ्यालाच कळणार.

पिंपांचं प्रकरण मात्र सोपं नव्हतं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो; तेव्हा आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामं करून घासा, असं महापालिकेचा माणूस बॅटरी मारून सांगून गेला. मास्तरांनी ते पिवळ्या खडूत लिहिलं. बायका भडकल्या. पहाटे चारला उठून, नळावर भांडून भरलेलं पाणी ओतून द्यायचं? ‘‘त्या पालिकेला सांगा, आधी पाणी सोड, मग आम्ही पिंप उलटं करतो!’’ दुसऱ्या दिवशी सूचना बदलली : पाणी टाकू नये, फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यावे, पिंप आतून घासावे, तोंड कापडाने बांधावे. हा सुधारित मजकूर कुठल्या तज्ज्ञाने दिला नव्हता. फळ्याखाली झालेल्या भांडणातून तो निघाला. आरोग्यशिक्षणाचा याहून चांगला नमुना मी पाहिलेला नाही.

आणि तरीही हा फळा एका बाबतीत भित्रा होता, हे लिहिलं पाहिजे. क्षयाविषयी त्याच्यावर कधी अवाक्षर आलं नाही. एकेका खोलीत पाळ्यांनी झोपणारी माणसं, गिरणीतली कापसाची धूळ, उजेड न येणारे बोळ. खोकणारा माणूस दर माळ्यावर होता. तो ‘गावी हवापालटाला’ जायचा, नाहीतर शिवडीच्या इस्पितळात, आणि ते इस्पितळ कोणी नावाने घेत नसे. नव्वदच्या दशकात आणखी एक आजार आला. त्याच्याबद्दल तर कुजबुजही बंद दाराआड. फळ्यावर दोन्ही आजारांची माणसं ‘अल्पशा आजाराने’ गेली. ज्यांना तीन-तीन वर्षं खोकताना ऐकलं, तीही. डासाविरुद्ध फळा ओरडला, कारण डास सगळ्यांचा. खोकला एका घराचा. त्या घरात लग्नाची मुलगी असायची. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्या, औषध फुकट मिळतं, ते सहा महिने सोडू नका, एवढ्या तीन ओळी कोणाचंही नाव न घेता लिहिता आल्या असत्या. त्या लिहिल्या गेल्या नाहीत. चाळीतल्या एकोप्याविषयी गहिवरून बोलणाऱ्यांनी हेही जमेस धरावं.

फळ्याला सीमाही होत्या. रस्त्यापलीकडच्या चाळीतलं मरण आमच्या फळ्यावर येत नसे, त्यांच्या जयंतीची मिरवणूक तर नाहीच. अंतर चाळीस पावलांचं. वरळीच्या बीडीडी चाळींत १९७४ साली दंगल पेटली ती काही एका रात्रीत आभाळातून पडली नव्हती. ज्या गल्ल्यांना एकमेकींची निधनंसुद्धा माहीत नसतात, तिथे ठिणगीला फार शोधावं लागत नाही. आणि बायका? हळदीकुंकवाची वेळसुद्धा पुरुषच लिहायचे. बाई गेली तर ती अमक्याची मातोश्री, नाहीतर तमक्याची धर्मपत्नी. तिचं नाव असलंच तर कंसात.

सगळ्यांत वाईट रिवाज म्हणजे वर्गणी न दिलेल्यांची यादी. गणपती उठले की ती लागायची, खोली नंबरासकट. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर. पहिले काही महिने फळ्यावर दत्ता सामंतांच्या सभा, मोर्चाच्या वेळा, कुठे जमायचं ते. पावसाळा आला, गाव असलेले गावी गेले, मजकूर विरळ झाला. भांडी गेली, मंगळसूत्रं गेली. त्या भाद्रपदात गणपती बसला, लहान बसला, आणि विसर्जनानंतर खजिनदाराने सवयीने यादी मास्तरांच्या हातात ठेवली. मास्तरांनी ती वाचली. पहिल्या पाचांत त्यांचंच नाव होतं. ते स्टुलावर चढले, दोरा न ताणता, कोरड्या खडूने लिहिलं : ‘यंदा सर्वांची वर्गणी पोचली. आभार.’ खजिनदार काही बोलला नाही. ती यादी परत कधी लागली नाही. संप अधिकृतपणे मागे घेतल्याचं कोणी जाहीर केलं नाही, तसंच हेही कुठल्या ठरावात नाही.

मास्तरांचे हात थरथरायला लागल्यावर खडू त्यांच्या सुनेकडे आला. ती बालवाडीत शिकवायची. तिच्या अक्षराला मास्तरांचं वळण नव्हतं, काही म्हातारे तोंड वाकडं करत. तिने फारसा गाजावाजा न करता दोन गोष्टी बदलल्या. बायकांच्या निधनात आधी त्यांचं स्वतःचं नाव, मग बाकीचं गोत. आणि ऋतू बदलला की खोकल्याच्या त्या तीन ओळी. मधल्या काळात फ्लेक्स आले. नाक्यानाक्यावर कोणा ना कोणा भाऊंचा वाढदिवस. गॉगल लावलेले भाऊ, खाली शुभेच्छुकांचे तिकिटाएवढे फोटो. उच्च न्यायालयाने फटकारलं की चार दिवस उतरायचे. फळ्यावर मात्र वाढदिवस कधी आले नाहीत. तिथे नाव यायला काहीतरी करावं लागे : पास व्हावं, नाहीतर मरावं.

२०२० साली भिंतींवर पुन्हा सरकारी अक्षरं आली. या खेपेला मराठीत आणि कापडावर : प्रतिबंधित क्षेत्र, प्रवेश बंद. कायदा तोच, १८९७चा. सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा पडली. लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा. १९३४पासूनच्या परंपरेत असं कधी घडलं नव्हतं, आणि टीकाही भरपूर झाली. मला तो निर्णय या गल्ल्यांच्या स्वभावाला धरूनच वाटला. आमच्या फाटकावरच्या कापडाखाली सुनेने फळा बाहेर आणून टेकवला होता. त्यावर किराणा आणून देणाऱ्या पोरांचे फोन नंबर, औषधवाल्याचा नंबर, आणि ऑक्सिजन मोजायचं यंत्र कोणत्या खोलीत आहे ते. आतल्यांनी आत राहून काय करायचं आणि बाहेरच्यांनी बाहेरून काय, दोन्ही रकाने आखलेले.

आता तिथे बुरूज उभा आहे. चाळकरी वर गेले, चौदाव्या, बाविसाव्या मजल्यावर. लिफ्टच्या लॉबीत पडदा बसवलाय, टीव्हीसारखा. खर्च परवडावा म्हणून त्यावर जाहिराती घेतल्यात. गेल्या सर्वसाधारण सभेत त्याच्या नियमावलीचा विषय निघाला. पासवर्ड कोणाकडे, यावरच तास गेला. मग सेक्रेटरी म्हणाले, निधनाच्या सूचनेलाही इतर मजकुरासारखे दहा सेकंद, आळीपाळीने. मागच्या रांगेतून सूनबाई उठल्या. आता त्यांना सगळे ताई म्हणतात.

‘‘दहा सेकंदांत लिफ्ट येते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माणूस आत शिरला की कळणार कसं, कोण गेलं?’’

कोणी म्हणालं, ग्रुपवर टाकतोच की. कोणी म्हणालं, ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली आमच्या मामांचं निधन दोन दिवस कोणी वाचलं नव्हतं. जाहिरात कंपनीच्या कराराचं काय, असं खजिनदाराने विचारलं. बरीच वादावादी होऊन ठराव झाला : निधन आणि रक्त, या दोन सूचना असतील तेव्हा पडदा थांबवावा, जाहिरातवाल्याला त्या दिवसांचं भाडं माफ करावं, आणि खर्चाची तूट गणपतीच्या वर्गणीतून भागवावी. सूचक ताई, अनुमोदक चौदाव्या मजल्यावरचे अण्णांचे चिरंजीव. पुढचा विषय : यंदाची वर्गणी किती.